परदेशी पाहुणा घरी उतरणार असेल तर

मुलाच्या परदेशी बायकोचे आईवडील, मुलीच्या ऑफिसातली सहकारी, भावाचा तिकडचा शेजारी. पहिल्यांदाच भारतात येणारं असं कुणी ना कुणी हल्ली मराठी घरांत मुक्कामाला असतं. पाहुणा यायचं पक्कं झालं की आपण उत्साहानं दोन कामांना लागतो: दाखवायच्या ठिकाणांची यादी काढायची आणि काय काय रांधायचं ते ठरवायचं. दोन्ही करावीतच. पण पाहुणे खरे गांगरतात ते दुसऱ्याच गोष्टींनी. बाथरूममध्ये बादली आणि मगाचं काय करायचं ते कळत नाही, शेजारच्या काकू पहिल्याच भेटीत पगार विचारतात, पुरे म्हटल्यावरही ताटात पोळी येऊन पडते. आपल्याला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, कारण आपण त्यातच वाढलो. यजमानानं नेमकं हेच आधी सांगून ठेवायचं असतं, आणि बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

आधी कागदपत्रं उरकू. बहुतेक देशांच्या नागरिकांना भारताचा ई-व्हिसा मिळतो. पर्यटनासाठी तो तीस दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा असतो. अर्ज भारत सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करायला सांगा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या आणि दुप्पट-तिप्पट पैसे उकळणाऱ्या खासगी साइट्स भरपूर आहेत, त्यामुळे दुवा तुम्हीच पाठवलेला बरा. पासपोर्ट भारतात पोहोचल्यापासून किमान सहा महिने वैध हवा. ऑक्टोबर २०२५ पासून आगमनाचा फॉर्मही निघण्यापूर्वी ऑनलाइन भरता येतो, म्हणजे पहाटे झोपाळलेल्या डोळ्यांनी पेन शोधत बसावं लागत नाही.

यजमानांपैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर करावी लागते आणि ती जबाबदारी ज्याच्या घरी तो उतरला त्याची असते. हॉटेलवाले हे रोज करतात, त्यांच्या बोलण्यात तो 'सी फॉर्म' असतो. परदेशी पासपोर्टवर व्हिसा घेऊन आलेला जावई असला, तरी तो सरकारदरबारी परदेशी नागरिकच. पासपोर्टचा आणि व्हिसाचा फोटो आधीच मागवून ठेवला, तर काम पटकन होतं.

सामान भरताना काय आणू नये तेही कळवा. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि युरोपातल्या कितीतरी तरुणांच्या खिशात ती असतेच. डोंगर चढणाऱ्या लोकांच्या सॅकमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक छोटं यंत्र असतं. परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही आणि त्यापायी परदेशी पर्यटक विमानतळावर अडकल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. ड्रोनही घरीच ठेवून यावा. विजेचं सांगायचं तर आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आणि गोल पिनांचे प्लग. अमेरिकेतून आणलेला हेअर ड्रायर नुसता अडॅप्टर लावून चालू केला, तर धूर निघतो. तुमच्याकडचा वापरायला द्या, तेवढंच सामान कमी.

पैशांचा मामला पाहुण्यांना विचित्र वाटतो. कोथिंबिरीची जुडी विकणारी बाई फोनवर पैसे घेते, आणि यांच्या हातातलं परदेशी क्रेडिट कार्ड मात्र तिच्यासमोर बिनकामाचं. यूपीआय २०१६ साली आलं आणि बघता बघता गल्लीबोळात पोहोचलं. परदेशी पाहुण्यांसाठी पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून उघडता येणारं यूपीआय वॉलेट आहे, पण ते सुरू होईपर्यंत थोडी रोकड हवी. एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्याच नोटा येतात. त्या मोडून दहा, वीस, पन्नासच्या नोटांची एक गड्डी पहिल्या दिवशी पाहुण्याच्या हातात ठेवा, रिक्षावाल्याशी होणारे निम्मे वाद तिथेच संपतील. सिमकार्डाला पासपोर्ट, व्हिसा आणि इथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोन नंबर लागतो, आणि ते चालू व्हायला वेळ लागू शकतो. रेल्वेची आणि बसची तिकिटं तुम्हीच काढा. परदेशी कार्डं आपल्या साइट्सवर बऱ्याचदा चालत नाहीत, आणि ओटीपी सातासमुद्रापार बंद पडलेल्या सिमवर जातो.

कधी बोलवायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुसरं उत्तर शोधू नका. मे महिन्यात बोलवणार असाल, तर केवळ आंब्यांसाठी बोलवा आणि दुपारी घराबाहेर पडू नका.

मुंबईत परदेशातली बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात. पाहुणा बाहेर येतो तेव्हा तो दमलेला असतो आणि समोर पाट्या धरून उभ्या असलेल्या माणसांची भिंत असते. एकानं जावं, दोघांनी जावं, सगळ्या कुटुंबानं हार घेऊन जाऊ नये. कोणत्या दारापाशी उभे आहात त्याचा फोटो आधी पाठवून ठेवा, कारण बाहेर आल्यावर त्याचा फोन चालेलच असं नाही. पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तो स्वतःहून बाल्कनीत उभा राहून खालची भाजीची गाडी बघायला लागला, की समजा माणूस आला.

पोहोचल्या पोहोचल्या त्याला एकदा बाथरूम दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट न दाखवल्यानं पुढे लाजायची वेळ येते. गीझरचं बटण कुठे आहे (बऱ्याच घरांत ते दाराबाहेर असतं आणि पाहुणा कुडकुडत गार पाण्यानं आंघोळ करून येतो), किती मिनिटं आधी लावायचं, गरम पाणी कुठल्या नळाला येतं. बादली अर्धी गरम पाण्यानं भरायची, मग गार मिसळायचं, हाताला सोसेल एवढं झालं की मगानं अंगावर घ्यायचं. बादलीत उतरायचं नसतं, हे सांगायला हसू येईल, पण सांगा. जेट स्प्रेचा खटका किती दाबायचा ते दाखवा, नाहीतर पहिल्या प्रयत्नात समोरची भिंत भिजते. टॉयलेट पेपरची दोन रिळं आणून ठेवा आणि वापरलेला कागद कुठे टाकायचा ते सांगा. जुन्या इमारतीत पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर ती वेळ एका कागदावर लिहून आरशाला चिकटवा.

जेवणाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपलं प्रेम तिथेच उतू जातं आणि पाहुण्याचे हालही तिथेच होतात.

आग्रह ही आपल्या पाहुणचाराची शान आहे. पंगतीत 'नको' म्हणणं हे जेवणाऱ्याचं काम, तरी वाढणं हे वाढणाऱ्याचं. हा खेळ दोघांनाही माहीत असतो, म्हणून चालतो. बाहेरून आलेल्या माणसाला तो माहीत नसतो. तो खरोखर पोट भरल्यावरच पुरे म्हणतो, आणि ताटात टाकलेलं संपवणं हा त्याच्याकडचा शिष्टाचार असतो. दोन्हींची गाठ पडली, की तो बिचारा मुकाट्यानं सातवी पोळी खातो आणि रात्रभर कुशी बदलत राहतो. म्हणून त्याला पहिल्याच दिवशी युक्ती शिकवा: ताटावर आडवा हात धरायचा आणि मान हलवायची. आणि घरातल्या आजीलाही दम भरा, की हात आडवा आला म्हणजे खरंच पुरे. हे दुसरं काम जास्त अवघड आहे.

ताट कसं वाढतात त्यामागचं कारणही सांगण्यासारखं आहे. वर मध्ये मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. हे सगळं तोंडी लावायचं. उजवीकडे भाज्या आणि आमटी, म्हणजे पोटभर खायचं. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. एवढं समजलं की ताट वाचता येतं. नाही समजलं तर काय होतं? समोर हिरव्या मिरचीचा ठेचा दिसतो, रंगानं ओळखीचा वाटतो आणि कोशिंबीर समजून तो चमचाभर तोंडात जातो. मग पाणी पाणी. अशा वेळी पाणी देऊ नका. दही, दूध किंवा भात द्या.

हातानं जेवायची हौस असेल, तर वरण-भातावर शिकवा. पोळीचा तुकडा एका हातानं तोडणं नवख्याला जमत नाही; दोन्ही हात वापरले तर कुणी फासावर देत नाही, हेही सांगा. भात मात्र सोपा. बोटांच्या पेरांनी वरण कालवायचं, तळव्याला लागू द्यायचं नाही, घास चार बोटांच्या टोकांवर घ्यायचा, हात तोंडाशी नेऊन अंगठ्यानं आत ढकलायचा. उजवा हात खाण्याचा. डाव्यानं भांडं उचलायचं, वाढून घ्यायचं. पहिल्या दिवशी निम्मा भात ताटाबाहेर सांडेल. चमचा शेजारी ठेवलेला असू द्या, आणि घरातल्या पोरांना फोटो काढू देऊ नका.

पोट बिघडण्याची भीती पाहुणे घरूनच घेऊन येतात, आणि ती सर्वस्वी खोटी नसते. पहिल्या आठवड्यात पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं. दात घासायलाही तेच. बाहेरचा बर्फ, कापून ठेवलेली फळं, उघड्यावरच्या ओल्या चटण्या या पहिल्या आठवड्यात नकोत. त्यापेक्षा डोळ्यांदेखत कढईतून निघालेला गरम वडा सुरक्षित. इडली, डोसा, थालीपीठ, पोहे, उपमा यांपासून सुरुवात करा. मिसळ दुसऱ्या आठवड्यात, तर्री वेगळ्या वाटीत मागवून. पाणीपुरी निघायच्या आदल्या दिवशी नको, कारण परिणाम विमानात दिसतात. ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. जुलाब लागले तर तेच आधी सुरू करा. ताप आला, रक्त पडलं किंवा पोटात काही राहीनासं झालं, तर घरगुती काढे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

शाकाहाराचा गोंधळ आधीच मिटवा. पाकिटावरचा चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी, एवढं ओळखता आलं तरी दुकानात त्याचं त्याला निवडता येतं. एकाच टेबलावर एक जण मटण खातो, दुसरा अंडंही खात नाही, तिसरीचा गुरुवार आहे आणि चौथा जैन असल्यानं कांदा-बटाटा वर्ज्य करतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हे परदेशी माणसाला फार आवडतं. साबुदाण्याची खिचडी ही उपासाची आहे असं सांगितल्यावर ते ताटाकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीनं बघतात. त्याचं उत्तर आपल्याकडेही नाही.

आता माणसांविषयी. लग्न झालंय का, मुलं किती, नसतील तर का नाहीत, भाडं किती भरता, पगार किती. ट्रेनमधला सहप्रवासी हे सगळं पहिल्या वीस मिनिटांत विचारेल. पाहुण्याला सांगा की हा चौकशीचा खटला नव्हे. समोरच्याला कुठल्या खणात ठेवायचं ते कळल्याशिवाय आपल्याला त्याच्याशी बोलणं सुचत नाही. उत्तर द्यायचं नसेल तर उलट तेच प्रश्न विचारावेत. समोरचा आनंदानं तासभर बोलेल.

नकार आपण तोंडावर देत नाही. विचारलं तर होकारच येतो, आणि माणूस येत नाही. वेळेचंही तसंच. सातच्या जेवणाला पाहुणा सात वाजता दारात उभा राहिला, तर घरमालकीण ओल्या केसांनी दार उघडते. पण लोकल सात वाजून बारा मिनिटांची असते आणि ती सात बाराला सुटते. कुठलं घड्याळ कुठे चालतं, हे पाहुण्याला आठवडाभरात आपोआप कळतं. तोवर ज्या कामाला ठरलेली वेळ आहे ते तुम्ही त्याला वेगळं सांगत चला.

घरकामाला येणाऱ्या मावशींविषयी मात्र आवर्जून आधी बोला. ज्याच्या देशात फक्त श्रीमंतांकडे नोकर असतात, त्याला आपल्या दोन खोल्यांच्या घरात सकाळपासून तीन माणसं कामाला येऊन गेलेली बघून अवघडायला होतं. तो आपली ताटली घासायला उठतो, मावशी त्याच्या हातातून ती हिसकावून घेतात, दोघंही खजील. मावशींची ओळख नावानिशी करून द्या, त्या कधी येतात, काय करतात, महिन्याचे पैसे किती आणि सुट्टी कशी हे विचारलं तर खरं सांगा. खरं सांगताना तुम्हालाच थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

जातीविषयी, ठरवून केलेल्या लग्नांविषयी, गायीविषयी प्रश्न येणारच. अशा वेळी आपली दोन टोकं होतात: एक तर 'आता तसं काही राहिलं नाही' म्हणून विषय उडवायचा, नाहीतर पाच हजार वर्षांच्या संस्कृतीवर भाषण द्यायचं. दोन्ही टाळा. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता रद्द केली, हे सांगा. आणि त्याच दिवशीच्या पेपरात वधू-वर सूचकाचं पान जातीनिहाय छापलेलं असतं, तेही दाखवा. तुमचं स्वतःचं लग्न कसं जमलं ते सांगितलंत, तर कुठल्याही पुस्तकापेक्षा त्याला जास्त समजेल. शिवाय हेही बजावा, की तुमचं घर म्हणजे भारत नव्हे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतच बावीस भाषा आहेत. तो इथे शिकलेले शिष्टाचार घेऊन पुढे केरळात किंवा नागालँडला गेला, तर तिथे ताट वेगळं, देव वेगळे आणि प्रश्नही वेगळे.

फिरायला नेताना माझा आग्रह असा, की आधी चालतं-बोलतं दाखवा. मुंबईत असाल तर लोकलनं सुरुवात करा. सीएसएमटीला चढा, म्हणजे २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ती इमारतही पाहून होते. याच भागातून, बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्याला गेली होती. वेळ निवडा दुपारी अकरा ते चारमधली. रविवारी गर्दी कमी असते, पण मेगाब्लॉक बघून निघा. डब्यातले नियम कुठेही लिहिलेले नाहीत, ते तुम्ही सांगा. तिघांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहिला की आधीचे तिघं सरकतात, त्याला निम्मीच जागा मिळते, पण ती त्याचा हक्क असते. सॅक पाठीवरून पुढे घ्यायची. पुढचं स्टेशन यायच्या आधीच दाराकडे सरकायचं आणि पुढच्याला विचारायचं, उतरणार का? पाहुणी असेल आणि सोबत बाई असेल, तर लेडीज डब्यातूनच जा. कानातली, क्लिपा, पिना विकणाऱ्या बायका, मांडीवर पिशवी घेऊन वाटाणे सोलणाऱ्या नोकरदार, जागेवरून होणारी भांडणं आणि दोन स्टेशनांनी त्याच बायकांनी एकमेकींना दिलेली चकली, हे सगळं तिथे एका डब्यात दिसतं.

कामाच्या दिवशी साडेअकरानंतर चर्चगेट स्टेशनबाहेर उभे राहिलात, तर डबेवाले दिसतील. १८९० पासूनचा हा धंदा. माणसं बहुतेक मावळ, मुळशी, जुन्नर, खेडकडची. फुटपाथावर डबे उतरतात, झाकणावरची रंगीत खूण आणि अक्षरं बघून मिनिटांत त्यांची वाटणी होते आणि लाकडी पाट्या डोक्यावर घेऊन माणसं निघतातही. पाहुण्याला एका बाजूला उभं करा. त्यांच्या वाटेत फोटोसाठी थांबू नका, त्यांना घड्याळ आहे.

वेरूळ-अजिंठ्याला जायचं तर वार बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. तिकीट भारतीयांना चाळीस रुपये आणि परदेशी नागरिकांना सहाशे, हे खिडकीवर कळलं तर पाहुणा हिरमुसतो. घरी सांगितलं तर हसून देतो. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर मी वेरूळ म्हणेन. एकाच डोंगराच्या कड्यात बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन लेणी ओळीनं आहेत. सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, कळसापासून खाली कोरत आणलेलं. आधी बाजूच्या टेकडीवर चढून ते वरून दाखवा, मग आत न्या. खडक बाहेरून आणून रचलेला नाही, मूळ डोंगरातूनच मंदिर मोकळं केलं आहे, हे वरून बघितल्याशिवाय पटत नाही.

देवळांत चपला काढायच्या, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, गाभाऱ्यात फोटो नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण काही ठिकाणी प्रवेशच नसतो: पुरीच्या जगन्नाथ मंदिरात बिगर-हिंदूंना, पारशांच्या अग्यारीत बिगर-पारशांना. दारातून परत फिरण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. उलट गुरुद्वारात डोकं झाकून कुणीही जावं, लंगरात पंगतीला बसावं. एका दुपारात देऊळ, दर्गा आणि गुरुद्वारा पाहून मग इराण्याकडे बन-मस्का खायला बसावं, ही मोठ्या शहरातली माझी आवडती वाट आहे.

गणपतीत पाहुणा असेल, तर घरच्या गणपतीला प्राधान्य द्या. प्रतिष्ठापना, आरती, उकडीच्या मोदकाची पारी वळताना तिला पडणाऱ्या भेगा, विसर्जनाच्या वेळी रडणारं पोर. मंडपाच्या रांगेत चार तास उभं राहून यातलं काही दिसत नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. मानाचे गणपती बघून परत फिरा आणि कानात घालायचे बोळे खिशात ठेवा. आषाढात आला तर वारीतला एखादा टप्पा चालवा. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला दिवे घाटातून चढते तो टप्पा लांबचा, पण पाहण्यासारखा. अनोळखी माणसं त्याला माऊली म्हणतील, पाया पडतील, चहा देतील. त्यानंही पाया पडावं. बायकांसाठी वाटेत स्वच्छतागृहांची अडचण असते, तिची सोय आधीच बघून ठेवा. आणि नदीवर आंघोळ करणाऱ्या वारकरी बायकांचे फोटो काढायचे नाहीत, हे कॅमेरा मोठा असेल तर दोनदा सांगा.

काही गोष्टी मजेच्या नाहीत. सिग्नलला काचेवर हात आपटणारं मूल बघून पाहुण्याला काय करावं ते कळत नाही. मुलांना पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे, कारण ते त्यांच्या हातात राहतीलच असं नसतं. द्यायचंच तर मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावं आणि ती संस्था तुम्ही सुचवावी. काच वर करून तिकडे बघूच नको असं मात्र सांगू नका. झोपडपट्टी दाखवणाऱ्या सहलींबद्दल माझं मन अजून साशंक आहे. तिथल्या चामड्याच्या, कुंभारकामाच्या कारखान्यांत जाऊन खरेदी करणं वेगळं आणि लोकांच्या दारात डोकावणं वेगळं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना हात लावू नये, हे प्राणिप्रेमी पाहुण्याला पहिल्याच दिवशी बजावा. चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. घरी जाऊन बघू, हे इथे चालत नाही. रस्ता ओलांडताना तुमच्या बाजूला, गाड्या येतात त्याच्या पलीकडच्या अंगाला त्याला ठेवा. वेग एकसारखा ठेवायचा, मध्येच थांबायचं किंवा पळायचं नाही. पाहुणी एकटी फिरणार असेल, तर रात्री ॲपवरची टॅक्सी, गाडीचा नंबर तुम्हाला पाठवलेला, आणि अनोळखी माणसांनी सेल्फीसाठी गराडा घातला तर सरळ नाही म्हणायची मुभा. तिला नम्र राहायला सांगू नका. आणीबाणीला ११२, आणि पर्यटकांसाठी बऱ्याच परदेशी भाषांत बोलणारी १३६३ ही मदतवाहिनी. दोन्ही नंबर तिच्या फोनमध्ये तुमच्या हातानं घाला.

रोज संध्याकाळी त्याला दोन तास एकटं सोडा. आपल्याला एकटं बसलेलं माणूस बघवत नाही. लगेच कुणीतरी चहा घेऊन आणि गप्पा घेऊन जातं. त्याला मात्र दिवसभरात जे डोळ्यांत-कानांत शिरलं ते खाली बसू द्यायला दार बंद करावं लागतं. दार बंद म्हणजे राग नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

निघायच्या दिवशी पिशव्या भरण्यावरून धांदल होते, तेव्हा आदल्या रात्रीच बॅगा वजनकाट्यावर घाला. लोणच्याची बरणी घट्ट बांधून खालच्या सामानात. सुकं खोबरं मात्र खालच्या सामानात चालत नाही, त्यातलं तेल पेट घेतं म्हणून. ओटीतलं खोबरं आठवणीनं काढून ठेवा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला परतणाऱ्यानं घरची चकलीसुद्धा तिथल्या फॉर्मवर लिहून दाखवावी, नाहीतर दंड होतो. जुन्या बाजारातून घेतलेली पितळी मूर्ती किंवा समई शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून दुकानदार फारच जुनी म्हणून गळ घालत असेल तर घेऊ नये. पैठणी, कोल्हापुरी चपला, घोंगडी यांना कसलीच अडचण नाही. आणि विमान मुंबईहून असून पुण्याहून निघायचं असेल, तर विमानाच्या वेळेच्या आठ तास आधी घर सोडा. शुक्रवारी संध्याकाळी किंवा रविवारी रात्री एक्स्प्रेसवेच्या घाटात अडकलात, तर तेही कमी पडतात.